वऱ्हाडे सापडेनात : डॉल्फिन फाइल मॅनेजर, दोन वर्षं वापरून

पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ आमचं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान आहे. मागच्या श्रावणात रामकुंडावरचे एक गुरुजी यजमानांना घेऊन दुकानात आले. यजमान विदर्भातले, आडनाव वऱ्हाडे. गुरुजींच्या घराण्यातल्या नामावळीच्या वह्या आम्हीच स्कॅन करतो, म्हणून त्यांनी पायरीवरूनच सांगितलं, "बाळ, वऱ्हाड्यांची पानं काढ बरं. यांच्या पणजोबांचा लेख दाखवायचाय." मी डॉल्फिन, म्हणजे कम्प्युटरवरच्या फाइली दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलं, फिल्टरच्या पट्टीत ‘वऱ्हाडे’ टाइप केलं. सात फाइली आल्या. पणजोबा त्यात नव्हते. गुरुजी शांतपणे म्हणाले, "सात नव्हेत गं. एकोणीस पानं आहेत. मी मोजून दिलीत."

पप्पांनी गिऱ्हाइकं सांभाळली आणि मी यादी नजरेनं चाळत बसले. पाऊण तास गेला. उरलेली बारा पानं त्याच फोल्डरमध्ये होती. नावात ‘वऱ्हाडे’च लिहिलेलं, अक्षर न अक्षर सारखं दिसणारं. यजमानांची परतीची गाडी होती. पणजोबांची सही पाहून ते हात जोडून गेले, पण तो पाऊण तास मला फार लागला.

डॉल्फिनबद्दल लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. दोन वर्षं रोज सकाळी दहा ते रात्री नऊ आमचं दुकान या सॉफ्टवेअरवर चालतंय, मला ते मनापासून आवडतं, आणि त्यातली सगळ्यात मोठी उणीव नेमकी आपल्या भाषेच्या एका अक्षरापाशी आहे. ती भरून काढायचा प्रस्ताव मी या वर्षी गूगल समर ऑफ कोडसाठी लिहिला. नवख्यांना मानधन देऊन खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायला लावणारा हा गूगलचा उपक्रम. मी कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि हा प्रस्ताव लिहिताना डॉल्फिन आतून जितकं कळलं तितकं नुसतं वापरून कधीच कळलं नसतं. त्यामुळे हा अनुभव दोन्ही बाजूंनी लिहिते.

आधी दुकानाची बाजू. आमचं मशीन जुनं, चार जीबी रॅमचं. त्यावर विंडोज इतकं हळू झालं होतं की स्कॅन झालेलं पान उघडेपर्यंत पुढचं पान काचेवर ठेवून व्हायचं. नवीन मशीनचा खर्च परवडणारा नव्हता. मी विंडोजच्या जागी डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, डेस्कटॉप म्हणून केडीई या संस्थेचा प्लाझ्मा घेतला, आणि त्यासोबत डॉल्फिन आलं. विंडोजमध्ये जसा एक्स्प्लोरर, तसा केडीईमध्ये डॉल्फिन. २००८ च्या जानेवारीत केडीई ४ आलं तेव्हा हे काम त्याच्याकडे आलं. त्याआधी कॉन्कररच वेबसाइटही दाखवायचं आणि फाइलीही सांभाळायचं. सगळं फुकट, आणि सगळा कोड वाचायला मोकळा.

पहिला आठवडा पप्पांना त्रास झाला. आमच्या आवृत्तीत एका क्लिकवर फाइल उघडते, आणि पप्पांचा हात वीस वर्षांच्या डबल क्लिकचा. एक पान निवडायला जावं तर तेच पान दोनदा उघडायचं. सेटिंगमध्ये जाऊन ते बदललं. २०२४ च्या फेब्रुवारीत प्लाझ्मा ६ आलं त्यात डबल क्लिकच मूळ सेटिंग झालंय, म्हणजे आता नव्यानं येणाऱ्याला हे सोसावं लागणार नाही.

मग कामाला सुरुवात झाली आणि पप्पा स्वतःहून म्हणाले की हे बरंय. एफ-३ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात. डावीकडे स्कॅनरचा फोल्डर, उजवीकडे गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह. ओढलं, सोडलं, पेन ड्राइव्ह काढून हातात दिला. दुकानात हे दिवसातून साठ-सत्तर वेळा होतं. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना दोन खिडक्या शोधत बसणं आणि एकाच खिडकीत डावं-उजवं असणं यातला फरक दुकानदारालाच कळेल. ग्नोम या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरमध्येही पूर्वी असे दोन भाग व्हायचे. २०१२ मध्ये त्यांनी ही सोय काढून टाकली, आणि त्या आवृत्तीवर नाराज होऊन लिनक्स मिंटवाल्यांनी नेमो नावाचा वेगळा फाटा काढला. मी नेमो वापरून पाहिलंय, चांगलं आहे. पण दुकानासाठी मला डॉल्फिनच बरं वाटतं, त्याचं कारण पुढे येईल.

एफ-२ दाबून एका वेळी शंभर फाइलींची नावं बदलता येतात. नावात हॅशचं चिन्ह टाकलं की तिथे ओळीनं आकडे येतात. आकडे इंग्रजीच येतात, पण ते चालतं. चुकलं तर कंट्रोल-झेड. पप्पांनी एकदा कोणाचे तरी दोनशे लग्नाचे फोटो ‘दाखला ००१’ पासून पुढे करून टाकले होते. एका कंट्रोल-झेडमध्ये सगळी जुनी नावं परत आली. एफ-४ ला खाली टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडतं आणि आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत तिथेच उभं असतं. वर फोल्डर बदलला की खालचंही बदलतं. याचा उपयोग पप्पांना शून्य, मला रोजचा.

आता वह्यांचं काम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला, तेव्हा गुरुजींच्या वाड्यात तळमजल्यावर पाणी शिरलं. वह्या वाचल्या, पण कडेची पानं ओलावली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं की याची छायाचित्रं करून ठेवायची, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या आत सगळं हाताशी हवं. बेचाळीस वह्या, अकरा हजारांच्या वर पानं. आडनाव, गाव, कोण कधी आलं, कोणाचं श्राद्ध केलं, खाली सही. जुन्या वह्या मोडीत. कम्प्युटरसाठी प्रत्येक लिपीच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली, पण म्हणून आमच्या स्कॅनरला मोडी वाचता येत नाही. छापील कागदासारखा आतला मजकूर शोधायची सोयच नाही. त्यामुळे फाइलीचं नाव हाच एकुलता एक धागा. गुरुजी पान वाचून सांगतात, आम्ही नावात लिहितो: वही, पान, आडनाव, गाव, तालुका.

इथे पहिली ठेच लागली ती नावाच्या लांबीची. विंडोजच्या काळात केलेल्या काही फाइली नव्या डिस्कवर कॉपी होईनात. नाव फार लांब आहे असं यायचं. नाव तर एका ओळीचं! कारण नंतर कळलं. लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत, नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘श्री’ या एका अक्षराचे बारा बाइट होतात: श, हलन्त, र, वेलांटी. म्हणजे मराठीत नाव लिहायचं तर ८५ चिन्हांत बसवायचं. विंडोजमध्ये मर्यादा २५५ चीच, पण ती वेगळ्या मापानं, त्यात देवनागरी चिन्ह एकच धरलं जातं. हा दोष डॉल्फिनचा नाही, ते खालच्या थरातलं आहे. पण नाव बदलायच्या चौकटीत किती जागा उरली ते दिसलं असतं तर आमचे दोन दिवस वाचले असते. आता आम्ही ‘तालुका’ न लिहिता ‘ता.’ लिहितो.

डॉल्फिनमध्ये फाइलीला टॅगही लावता येतात. मी उत्साहानं गावांचे टॅग लावले. सुंदर दिसत होतं, एका टॅगवर क्लिक केलं की त्या गावची सगळी पानं समोर. गुरुजींनी पेन ड्राइव्हवर नेलं आणि सगळे टॅग नाहीसे झाले. टॅग फाइलीच्या आत नसतात. फाइल सिस्टिममध्ये फाइलीच्या बाजूला एक जास्तीची नोंद असते तिच्यात लिहिले जातात, आणि पेन ड्राइव्हच्या फॅट किंवा एक्सफॅटमध्ये अशा नोंदीला जागाच नाही. कॉपी करताना ‘टॅग सोबत येणार नाहीत’ एवढं जरी सांगितलं असतं तरी चाललं असतं. तीन आठवड्यांचं काम होतं ते. घरच्या एकाच मशीनवर राहणाऱ्या फाइलींसाठी टॅग जरूर वापरा, देण्याघेण्याच्या फाइलींसाठी नको.

मोबाइल केबलनं जोडून फोटो काढणं हेही कच्चं आहे. कधी फोल्डर दिसतो, कधी नुसतं चक्र फिरत राहतं. केडीई कनेक्ट हे मोबाइल आणि कम्प्युटर जोडणारं ॲप टाकून वायफायवरून तोच मोबाइल डॉल्फिनमध्ये उघडला तर सुरळीत चालतो. आम्ही आता तेच करतो. मेनूंचं मराठी भाषांतर आहे, पण मध्येमध्ये इंग्रजी ओळी येतात. पप्पांनी शेवटी सगळं इंग्रजीच ठेवलं, याचं मला वाईट वाटतं.

मग नेमो सोडून डॉल्फिनच का? कारण हे सॉफ्टवेअर आपल्याला वाढवता येतं, आणि तेही आपल्याला जितकं येतं तितक्या पायरीवरून. पहिली पायरी एका छोट्या मजकूर फाइलीची आहे, तिला सर्व्हिस मेनू म्हणतात. कोणत्या प्रकारच्या फाइलींवर दिसायचं, मेनूत नाव काय, आणि क्लिक केल्यावर कोणती आज्ञा चालवायची, इतकंच त्यात लिहायचं. ही फाइल घरच्या फोल्डरमधल्या ठरलेल्या जागी ठेवायची आणि तिला एक्झिक्युटेबलची, म्हणजे चालवता येण्याची, परवानगी द्यायची. ती परवानगी द्यायला मी विसरले होते, आणि मेनू चालत का नाही म्हणून एक संध्याकाळ घालवली. मी केलेला पहिला मेनू म्हणजे ‘पानांची पीडीएफ करा’. पानं निवडायची, राइट क्लिक, झालं. नावाच्या ओळीला मराठीचा संकेत जोडला की मराठी डेस्कटॉपवर तेच नाव मराठीत दिसतं. प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसालाही हे एका दुपारी जमेल. तुमचं दुकान, ऑफिस, शाळा काहीही असो, रोज पुन्हा पुन्हा करावं लागणारं एखादं काम शोधा आणि त्याचा सर्व्हिस मेनू करून बघा, असं मी सगळ्यांना सांगते.

त्यावरची पायरी प्लगिनची, म्हणजे बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामची. तिथे सी प्लस प्लस ही भाषा आणि क्यूटी हा तयार कोडचा संच लागतो. राइट क्लिकच्या मेनूत हवं ते घालणारी, आयकॉनवर छोटी खूण काढणारी, गिटची (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाची) स्थिती दाखवणारी, नव्या प्रकारच्या फाइलींचं लघुचित्र करणारी अशी वेगवेगळी प्लगिनं लिहिता येतात. आणि सगळ्यात आतली पायरी म्हणजे डॉल्फिनचा स्वतःचा कोड. प्रत्येक पायरीवर दार उघडं आहे. ज्या दिवशी वऱ्हाडे सापडले नाहीत, त्या रात्री मी याच दारातून आत गेले.

खरं कारण टर्मिनलमध्ये कळलं. सारख्या दिसणाऱ्या तीन फाइलींची नावं मी बाइटमध्ये उलगडून पाहिली तर तिन्ही वेगळी. आपला ‘ऱ्’, वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाडेमधला, तीन तऱ्हांनी लिहिला जातो. युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड तेच देतो. पप्पांचं विंडोजच्या काळातलं जुनं टायपिंगचं साधन साधा ‘र’, मग हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर द्यायचं. ते न दिसणारं जोडचिन्ह आहे, जागा घेत नाही, पण असतं. तिसरी तऱ्हा गुरुजींच्या पुतण्याची. काही वह्यांची पानं त्यानं पुण्यात स्वतः स्कॅन करून जुन्या मॅकवरून झिप करून पाठवली होती. मॅकची जुनी फाइल सिस्टिम जोडलेली अक्षरं फोडून साठवायची, म्हणून त्याच्या फाइलींत ‘र’ आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हं. वाचणाऱ्याला तिन्ही एकच. डॉल्फिनची फिल्टरची पट्टी मात्र आपण टाइप केलेला मजकूर आणि फाइलीचं नाव दोन्ही इंग्रजी लहान लिपीत आणते आणि एकात दुसरं जसंच्या तसं आहे का ते बघते. इंग्रजीसाठी एवढं पुरतं. मराठीसाठी पुरत नाही.

शोधायला लागले तसं आणखी सापडलं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, ०९७२. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र देऊन लिहायचे, कोणी मध्ये जोडचिन्ह घालून. आमच्या दुकानात ॲडमिशन नावाचे तीन फोल्डर आहेत आणि पट्टीत एका वेळी एकच दिसतो. ‘ऱ’च्या दोन तऱ्हा, जोडलेली आणि फोडलेली, युनिकोडच्या नियमानं एकच मानल्या जातात, त्यामुळे क्यूटीमधल्या तयार फंक्शननं एकत्र येतात. जोडचिन्हाचा ‘ऱ्’ आणि जुना ‘ॲ’ मात्र त्या नियमात बसत नाहीत. त्यांच्यासाठी हातानं काम करावं लागणार, आणि ते मराठी येणाऱ्यानंच करावं लागणार.

मी गुरुजींना हे समजावून सांगितलं. माझा पहिला विचार सोपा होता: जोडचिन्हं काढून टाकायची, नुक्ता काढून टाकायचा, सगळे ‘र’ एक करायचे. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आचार्यांना दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यांना दिलेली मजुरी तुझ्या यंत्राला एकच का?" मी गप्पच झाले. रफार आणि ‘ऱ्’ यांच्यात मराठीत अर्थाचा फरक आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. सगळे ‘र’ एक केले असते तर शोध चालला असता आणि भाषा मोडली असती. म्हणून प्रस्तावात क्रम असा ठेवलाय: आधी ‘र’, हलन्त, जोडचिन्ह हा संच ओळखून त्याचा ०९३१ चा ‘ऱ्’ करायचा, मग फोडलेली अक्षरं जोडून घ्यायची, मग ‘ॲ’च्या तिन्ही तऱ्हा एका रूपात आणायच्या, आणि अगदी शेवटी उरलेली न दिसणारी जोडचिन्हं गाळायची. हे सगळं फक्त तुलना करताना. डिस्कवरच्या नावाला हात लावायचा नाही.

प्रस्तावाबद्दलही सांगते, कारण आपल्याकडच्या मुलांना वाटतं की हे आयआयटीवाल्यांचं काम. समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट नाही; अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, ओपन सोर्समध्ये नवीन असलेल्या माणसाला अर्ज करता येतो. केडीईसारखी संस्था कल्पनांची यादी देते, स्वतःची कल्पनाही मांडता येते. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये, निकाल त्यानंतर महिनाभरानं, आणि निवड झाली तर साधारण बारा आठवडे एका मार्गदर्शकासोबत काम आणि त्याचं मानधन.

माझा पहिला मसुदा वाईट होता. फिल्टर, पूर्ण शोध, इंग्रजीत टाइप केलं तर मराठी नाव सापडणं, नाव सुधारणारं प्लगिन, सगळं एकाच प्रस्तावात कोंबलं होतं. केडीईच्या चॅटमध्ये मी तो दाखवला तेव्हा लोकांनी वेळ काढून वाचला, आणि सल्ला एकच मिळाला: कमी कर आणि ते पूर्ण कर. पूर्ण शोधामागे बालू नावाचा वेगळा प्रकल्प आहे, त्याची अनुक्रमणिका वेगळी चालते. तो यात ओढला असता तर उन्हाळा पुरला नसता. मी फक्त फिल्टरची पट्टी ठेवली आणि ३५० तासांऐवजी १७५ तासांचा प्रकल्प मागितला. आठवड्याला साधारण पंधरा तास. जूनमध्ये विद्यापीठाची परीक्षा आली तर तेवढे दिवस काम कमी होईल, हेही वेळापत्रकात सरळ लिहून टाकलं. लपवून पुढे अडचण होण्यापेक्षा ते बरं.

दुसरा सल्ला असा की प्रस्तावाआधी एखादी छोटी दुरुस्ती करून दाखव. त्यासाठी डॉल्फिन कोडवरून बांधावं लागतं. केडीई-बिल्डर नावाचं साधन सगळे अवलंबित भाग आणून ओळीनं बांधतं, पण माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा अख्खी रात्र गेली, आणि लोडशेडिंगनं एकदा मध्येच बंद पडलं. मग एका चौकटीतलं चुकीचं लेबल दुरुस्त करून पाठवलं. दोन शब्दांचा बदल. तरी त्यावर बदलाचं वर्णन कसं लिहावं, ओळ किती लांब असावी, इथपर्यंत बारकाईनं सांगितलं गेलं, आणि एकदाही तुसडेपणानं नाही. कॉलेजात (नाव लिहीत नाही) मला सांगण्यात आलं होतं की फाइल मॅनेजर हा काही प्रोजेक्टचा विषय होत नाही, काहीतरी एआयचं घे. त्यानंतर एका अनोळखी माणसानं माझे दोन शब्द इतक्या गांभीर्यानं वाचावेत याचं मला फार अप्रूप वाटलं.

आतला कोड वाचायला मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपा निघाला. फिल्टरचं काम एका छोट्या वेगळ्या क्लासमध्ये आहे, आजूबाजूला गुंता नाही. चाचण्यांचा वेगळा फोल्डर आहे, त्यात पाहून चाचणी कशी लिहितात ते शिकता येतं. माझ्या चाचण्यांत वऱ्हाडे, कऱ्हाड, कुऱ्हाडे, ॲडमिशन आहेत, आणि आचार्य-आचारी मुद्दाम आहेत, ते एक होता कामा नयेत म्हणून. कच्ची आवृत्ती मी लॅपटॉपवर चालवून पाहिली. वह्यांचा अख्खा फोल्डर उघडला, ‘वऱ्हाडे’ टाइप केलं. एकोणीस. मी पुन्हा मोजली. अकरा हजार फाइलींवर प्रत्येक अक्षरागणिक तुलना होत होती, तरी टाइप करताना अडखळलं नाही. हिंदीतल्या नुक्त्याच्या अक्षरांचंही त्यातूनच काही सुटेल असं दिसतंय, पण हिंदी, नेपाळी वापरणाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या भाषेचे नियम मी ठरवणार नाही, असं प्रस्तावात लिहिलंय.

गुण द्यायचे तर दुकानासाठी पाचपैकी चार. जुनं मशीन, मराठी नावं आणि दिवसभर फाइलींची देवाणघेवाण असेल तर डॉल्फिन बिनधास्त घ्या. शिकणाऱ्यासाठी पाचपैकी पाच. टॅग आणि मोबाइलची केबल यांच्या भरवशावर मात्र राहू नका.

प्रस्ताव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला. निवड झाली तर उन्हाळ्यात काम होईल, नाही झाली तर दिवाळीच्या सुट्टीत होईल. बदल तर मी पाठवणारच आहे. तो मान्य होऊन डेबियनमधून पप्पांच्या मशीनवर यायला मात्र वेळ लागेल. तोवर एक तोड आहे. फिल्टरच्या पट्टीत तारांकन (*) चालतं, त्याच्या जागी काहीही असलं तरी चालतं. म्हणून ‘ऱ्’च्या जागी तारा द्यायचा, शिवाय सुरुवातीला आणि शेवटी एकेक: तारा, व, तारा, हाडे, तारा. तिन्ही तऱ्हेचे वऱ्हाडे येतात. पप्पांनी स्केच पेननं ते एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय. खाली गुरुजींनी आपल्या हातानं कुऱ्हाडे आणि गोऱ्हे लिहून ठेवलेत, त्यांचे यजमान येत्या पितृपक्षात यायचे आहेत.